पुसायला आलेल्या डिस्क

नांदेडला माझ्या पुतण्याचं, शिवराजचं, जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. कॉम्प्युटर कुणाला देऊन टाकण्याआधी लोक हार्ड डिस्क पुसून नेतात. ते काम माझ्याकडं. एकदा बटण दाबलं की तीन-चार तास बसून राहायचं. तेवढ्यात माणसं बोलतात, आणि किस्से साठत जातात.

धर्माबादचे एक शेठ म्हणाले, "मामा, मी सगळं डिलीट केलंय. काही राहिलं न्हाई."

"डिलीटनं जात नसतं, शेठ," म्हणत शिवराजनं एक प्रोग्राम चालवला. पहिलाच फोटो वर आला तो त्यांच्या वारलेल्या वडिलांचा. शेठ ताडकन उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "नाना, जरा कामानं आलतो नांदेडला!"

मुदखेडच्या गुरुजींनी पिशवीतून चुरा काढला. "डिस्क खलबत्त्यात कुटली!"

"गुरुजी, ही सीडी लावायची पेटी. डिस्क कॉम्प्युटरातच हाय."

गुरुजी पांढरे पडले. "कॉम्प्युटर कालच व्याह्यांना दिला की!"

उदगीरच्या एका दुकानदारानं न पुसलेला कॉम्प्युटर कुठून तरी घेतला. रोज दुपारी चारला त्यावर अक्षरं यायची, 'आईची गोळी'. म्हटलं, आणा, पुसून देतो.

"नको मामा. चारला मी पाणी भरून ठेवतो आता."

त्याची आई तो रांगत असतानाच गेलेली!

आणि अहमदपूरच्या त्या बाई. चार वर्षं झाकून ठेवलेला लेकीचा कॉम्प्युटर शाळेला द्यायचा होता. लेक आजारात गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "माझं सगळं पुसा. कुणी वाचू नका, ऐकू नका." पण तिचा आवाज तेवढा त्यातच राहिलेला.

शिवराजनं पेनड्राइव्ह पुढं केला. "आवाज काढून देतो, मावशी."

"नको. तिला शब्द दिलाय."

आमची एक रीत आहे. मालकानं तीनदा 'पुसा' म्हटल्याशिवाय मी डिस्क जोडत नाही.

"पुसू का, माय?"

"पुसा."

"पुसू?"

"पुसा." आवाज बारीक झाला.

"तिसऱ्यांदा विचारतो. परत येत न्हाई बघा."

बाईंनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला. मी थांबलो. मला घाई नव्हती. दुकानात आम्ही तिघंच, सगळी मशिनं बंद.

"पुसा ना!"

कोवळा आवाज होता, पोरीचा. शिवराजनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. डिस्क माझ्या हातात, तिला एकही वायर नव्हती.

बाईंनी पदर खाली घेतला.

"जोडा, मामा," त्या म्हणाल्या. "लई चिडकी हाय ती."