शेजारच्या सीटवरचे दोनबोटे काका

काकांवर मी लिहावं की नाही, हे ठरवण्यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शेजारपाजारचे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. पण माणसाबद्दल लिहिणं निराळं. शिवाय काकांना जवळून ओळखणारे मरोळमध्ये पुष्कळ आहेत, माझी त्यांची ओळख जेमतेम वर्षभराची. तेव्हा कमीजास्त लिहिलं गेलं तर त्या सगळ्यांनी मला माफ करावं.

मरोळला काकांचं एक गाडी मावेल एवढंच गॅरेज होतं. गाडी आली की ते बॉनेट उघडत नसत. आत बसून स्टिअरिंगवर फक्त दोन बोटं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ते अगदी थोडं इकडेतिकडे हलवायचे. मग कुठला सांधा झिजलाय ते सांगायचे. म्हणून सगळे त्यांना दोनबोटे म्हणत. मी तर पहिले दोन महिने ते त्यांचं आडनावच समजत होतो.

माझा मित्र निलेश आणि मी सुट्टीत मातीच्या रस्त्यांवरच्या हौशी रॅलीत उतरतो. गाडी त्याच्या मामाने वापरून सोडलेली, वीस वर्षांची. निलेश चालवतो, मी शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवतो. स्टिअरिंग इतकं ढिलं होतं की निलेशने ते फिरवल्यावर चाकांना कळायला वेळ लागायचा. काकांनी दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "मेल्या निलेशा, ह्यां स्टिअरिंग असा की पाळणो?"

आम्हाला नेटवर पाहिलेलं सगळं हवं होतं. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं जास्त वळवणारी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे नवे सांधे, आणि रॅक धरून ठेवणाऱ्या रबरी बुशांच्या जागी धातूचे. पहिल्या दोन गोष्टींना काका तयार झाले. रबराला मात्र हात लावू देईनात.

"रबर रवांदे. धक्को कोणीतरी खावक होयो. रबर नाय खाणार तर तुझे हात खातले."

"पण काका, पुस्तकात रबर काढायला सांगितलंय," मी म्हणालो.

"मग पुस्तकवाल्याक आरेच्या खड्ड्यातसून फिरव, इंजिनियर!"

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो, त्यात एक विषय राहिलेला. तरी ते मला इंजिनियरच म्हणायचे. चारचौघांत लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

काम चार रविवार चाललं. नव्या सांध्यांच्या नटांना खाचा असतात. त्यांतून एक पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे धक्क्यांनी नट सुटत नाही. हे काम काका कुणाला करू द्यायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी मी पाहिलं, ते चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरत होते. मी नजर दुसरीकडे वळवली.

त्यांचा आणखी एक नेम होता. स्टिअरिंगचं काम झालं की पहिल्या फेरीला गाडीमालकाच्या शेजारी ते स्वतः बसत. "नट मी आवळलंय, मगे पयलो मीच बसतलंय." आमच्या गाडीतही बसले. मी मागे होतो. आरे कॉलनीच्या वळणांवर निलेशने गाडी जोरात घातली, तरी काकांनी कशाला धरलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते समोर बघत होते. तेव्हा मला ती त्यांची ऐट वाटली.

रॅलीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाडीखाली शिरलो. डाव्या चाकाच्या नटाला पिनच नव्हती. भोक रिकामं होतं. त्या अवस्थेत आम्ही आरेतून फिरून आलो होतो, आणि काका डावीकडेच बसले होते. मी नवी पिन घातली, टोकं वाकवली, निलेशला काही बोललो नाही.

दुपारी काकांचा फोन आला. "इंजिनियर, दोन्ही पिना असत मां रे?"

"आहेत काका."

"खिशात एक गावली, म्हणान विचारलंय."

"जास्तीची असेल."

ते म्हणाले, "माका वाटलां, हात गेले आता."

"काहीतरीच काय काका! तुमचे हात एकदम झकास आहेत."

ते मोठ्याने हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं. आपण एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, असं समजून मी फोन ठेवला.

रॅलीत गाडी सांगू तशी वळली. काकांना हे सांगायला जायचं होतं, पण परीक्षा आली, मग राहिलेला विषय आला, आणि जाणं राहूनच गेलं.

सहा महिन्यांनी अंधेरीत आरसा घ्यायला गेलो, तेव्हा स्पेअरपार्टवाल्या शेठनी सांगितलं.

"दोनबोटे गेला, तुला माहीत नाही? दोन महिने झाले. एका टेम्पोचं स्टिअरिंग केलं होतं. आरेच्या उतारावर सांधा सुटला, टेम्पो झाडावर. ड्रायव्हर वाचला. हा शेजारी बसलेला, नेहमीसारखा."

मी आरसा परत काउंटरवर ठेवला.

"बंद करणार होता रे तो गॅरेज," शेठ म्हणाले. "हात थरथरतात म्हणून पाने, जॅक, सगळं विकायला माझ्याकडे आणून ठेवलेलं. मग एका दुपारी स्वतः येऊन परत घेऊन गेला. खूश होता एकदम. म्हणाला, हात बरे आहेत, आपल्या इंजिनियरने तपासलेत."