भाऊ, हात!

अख्ख्या चांदा जिल्ह्यात वाघाला न भिणारी माणसं पुष्कळ भेटतील, पण ओरखड्याला आमच्या मालगुजारभाऊंइतका भिणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दुसरा झाला नसेल. ओरखडा म्हणजे अंगावरचा नव्हे. अंगावर त्यांच्या अस्वलाच्या नखांच्या खुणा होत्या आणि त्या ते पाहुण्यांना सदरा वर करून हौसेनं दाखवत. ओरखडा मोटारीवरचा. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली त्यांची काळीभोर मोटार, ब्रह्मपुरीच्या अलीकडे त्यांचं गाव होतं तिथं, बैलांच्या गोठ्याशेजारी खास बांधलेल्या छपरीत उभी असे. पुढं सरकारनं मालगुजारी संपवली. गाव गेलं, गावचा तलाव गेला, जंगल गेलं. राहिली थोडी धानाची शेती, जुन्या सवयीनं मालगुजार म्हणणारी माणसं आणि ही मोटार. उरलंसुरलंही कुणीतरी नखानं खरवडून नेतंय, असं त्यांना प्रत्येक ओरखड्यागणिक वाटत असावं. तसं ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते एवढंच, "पाह्य गा, कोनं तरी हात लावला."

मी साताऱ्याकडचा. सहावीत शाळा सुटली, पोटामागं फिरत फिरत नागपूरच्या एका मोटारीच्या कारखान्यात रंग घासायला लागलो, आणि तिथून भाऊंनी मला मोटार चालवायला व चकचकीत ठेवायला उचलून आणलं. घर इतकं लांब, की आमच्या आईला या गावाचं नाव शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. इथून काढलं तर जायचं कुठं, या धास्तीनं मी जेवायला बसलो तरी निम्मं लक्ष छपरीकडं असे. आणि गावावरून जाणाऱ्या प्रवासी मोटारीत बसवून देण्याची भाऊंची धमकी ठरलेली असे. "तुह्या हातानं एक रेघ उमटली ना, तं सांजच्या सर्व्हिस मोटरीनं रवाना करीन तुले!"

मोटारीपाशी जाण्याचे त्यांचे नियम देवळाहून कडक होते. बांगड्या घातलेल्या बायांनी हातभर लांबून जायचं. पाहुण्यांनी काठ्या ओट्यावर ठेवायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असेल तर तो सोडून यायचं, मग ते जावई असोत की व्याही. कोंबड्यांना तर तिकडच्या अंगणात कायमची बंदी होती, पण कोंबड्यांना नियम कुठले कळतात! कोंबडा छपरीकडं वळला की भाऊ धोतर सावरत असे धावत, की बघणाऱ्याला वाटावं गावात बिबट्या शिरला. एकदा नागभीडकडून येताना वळणावर खराखुरा वाघच रस्त्यात बसलेला. मी गाडी मागं घ्यायला लागलो, तर भाऊंनी माझं मनगट धरलं. "मांगं नोको घेऊ! मांगं बांबू हाये, घासते." मी म्हटलं, "भाऊ, समोर वाघ आहे!" तर म्हणाले, "वाघ खाईन तं तुले-मले खाईन. गाडीले थोडी खाते तो?" वाघ सावकाश उठून गेला. त्यानंतर भाऊंनी खाली उतरून, अजून झुडूप हलत होतं तरी, मागचा मडगार्ड न्याहाळून घेतला.

असा माणूस. पण मला हिवतापानं धरलं, दात वाजायला लागले, तेव्हा ऐन दुपारच्या उन्हात त्यांनी हीच मोटार बाहेर काढली. ऊन त्यांना सोसत नसे, कारण उन्हात रंगातला बारीकसारीक दोष उघडा पडतो. मला आत ठेवण्याआधी त्यांनी माझ्या सदऱ्याची बटणं मात्र कात्रीनं कापून घेतली. "बटन लागते गा," म्हणाले. मग शेजारच्या गावच्या ड्रायव्हरला पुढं बसवलं आणि ब्रह्मपुरीच्या डॉक्टरापर्यंत माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. ती बटणं पुढं बाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आपल्या हातानं लावून दिली. त्या घराचं मीठ मी कसं विसरावं?

आता काळ्या रंगाविषयी. ज्यानं काळी मोटार घासली नाही, त्याला केलेलं काम पाण्यात जाणं म्हणजे काय ते समजायचं नाही. फिक्या गाडीवर निम्मं पाप झाकून जातं, काळ्यावर धुळीचा कणदेखील साक्ष देतो. विहिरीचं पाणी गाळून घ्यावं, जुन्या कोशाच्या रेशमी लुगड्याचं मऊ फडकं घ्यावं, नागपूरच्या डब्यातलं पॉलिश बोटभर घेऊन दुपारभर सरळ रेषेत घासावं. सावलीत बघावं तर संध्याकाळच्या तलावासारखा रंग, त्यात आपलं तोंड दिसावं. आणि तीच गाडी दोन पावलं उन्हात घ्यावी, तर सगळ्या बॉनेटवर कोळ्यानं जाळं विणावं तशी बारीक, गोल, चमचमती रेघोट्यांची नक्षी! एक ओरखडा काढायला जावं, तर त्याची पिल्लं होतात. बरं, घासून घासून घासणार किती? काळा रंग म्हणजे दुधावरची साय. ती विरली की खालचं तांबूस अस्तर दिसणार, आणि ते दिसलं की मी सांजच्या मोटारीत.

तरी मी जाळं काढत होतो. मी काढावं आणि दुसऱ्या सकाळी नवं उगवावं, पुन्हा गोलच गोल. कुणी करतं कोण? ते मला ठाऊक होतं. खरं तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. भाऊ स्वतःच. छपरीवरून जाता-येता ते मोटारीजवळ थांबायचे, तंद्रीत धोतराचा सोगा हातात घ्यायचे आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसे धुळीसकट गोल गोल पुसत राहायचे. त्यांच्या हाताला ते कळत नव्हतं, आणि सांगायचं कुणी? मी एकदा बाईंपुढं रडकुंडीला आलो. बाई म्हणाल्या, "यायले सांगाची इथी कोनाची छाती हाये बाप्पा? तू घास, मी धोतरं धुते." मी घासत राहिलो. रंग बोटाखाली पातळ होत चालल्याचं मला कळत होतं.

मग पोळा आला. इकडं पोळ्याला बैलांची रांग तोरणाखाली उभी राहते आणि पहिला मान मालगुजाराच्या जोडीचा. मालगुजारी गेली तरी गावानं तो मान काढला नव्हता. त्या वर्षी भाऊंच्या मनात आलं, की जोडीच्या शेजारी मोटारही उभी राहावी. तिनंही वर्षभर ओढलंच की! मी आदल्या दिवशी जीव ओतून घासली. बॉनेटच्या कडेला रंग इतका विरला होता, की त्याखालची तांबूस झाक मला दिसायला लागली होती. सकाळी आभाळ होतं म्हणून मी देवाचे आभार मानले. पण वाजंत्री सुरू झाली, बैलांच्या घागरमाळा वाजल्या, आणि नेमकं तेव्हाच आभाळ फाटून लख्ख ऊन पडलं. सबंध गावासमोर बॉनेटवर जाळंच जाळं!

भाऊंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कोनाचा हात हाये हा? सांगा! आज सनाचा दिवस हाये म्हनून सोडनार नाई. ज्यानं हे केलं, तो आजच्या मोटरीनं जाईन!" आणि माझ्याकडं वळले. "तू होय का रे?"

वाजंत्री थांबली होती. सगळं गाव भाऊंकडं नव्हे, भाऊंच्या हाताकडं बघत होतं. कारण ओरडता ओरडता त्यांनी नव्या कोऱ्या धोतराचा सोगा घेतला होता आणि मडगार्डवर तो गोल गोल फिरत होता.

बैलांना ओवाळायला ताट घेऊन आलेल्या बाई पुढं झाल्या. "आंधी हाताकडं पाहा आपल्या," म्हणाल्या.

भाऊंनी खाली पाहिलं. हात थांबला. पांढऱ्याशुभ्र सोग्यावर काळा डाग पडला होता. एक बैल फुरफुरला. भाऊंनी तो सोगा नीट घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाले, "ओवाळा ना बैलाले. कायची वाट पाहून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी पत्र्याची पेटी भरून घेऊनच गेलो.

"पेटी कायले आनली?"

"जायचंय ना, भाऊ."

"कुठी जातेस? आजपासून तुले नवं काम. माहा हात गाडीकडं गेला, का वरडाचं."

"मी? तुमच्यावर?"

"तं कोनावर, बैलावर?"

वाघाला भ्यालो नसेन इतका मी त्या कामाला भ्यालो. पहिल्यांदा "भाऊ, हात" म्हणालो तेव्हा आवाज चिमणीएवढा निघाला. भाऊ गरजले, "भाकर नाई भेटली का? जोऱ्यानं!" मग सवय झाली. अधिकारी आले, जावई आले, सर्वांदेखत मी ओरडायचो आणि ते चटका बसावा तसा हात मागं घ्यायचे. मग दोन्ही हात पाठीशी बांधून पाहुण्यांना सांगायचे, "हा आपला मास्तर हाये." हळूहळू जाळं कमी झालं. अस्तर काही दिसलं नाही.

शेवटी शेवटी त्यांना दम्यानं गाठलं. पाऊल उचलेना. एका सकाळी म्हणाले, खाट छपरीत न्या. आम्ही नेली. बॉनेटला टेकून बसवल्यावर ते बराच वेळ धापा टाकत होते. मग त्यांनी धोतराचा सोगा हुडकला आणि हात हळूहळू रंगाकडं न्यायला लागले. न्यायचे, थांबायचे, माझ्याकडं तिरपं बघायचे. हात टेकला, एक गोल फिरला.

"काऊन रे," ते म्हणाले, "झोपला का? नौकरी करतेस का मजाक करतेस?"

"भाऊ, हात," मी म्हणालो.

त्यांनी हात मागं घेतला. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू उरलेलं सगळं जागच्या जागी सापडलं.

आता मोटार बाईंच्या नावावर आहे आणि ती मीच सांभाळतो. तो शेवटचा गोल मी काढला नव्हता, पण पुढल्या चौमासात ओल धरली, पुसावं लागलं, आणि पुसता पुसता तोही गेला. रोज सकाळी मी गाडी थोडी उन्हात घेतो आणि वाकून बघतो. पूर्वी जाळं दिसेल म्हणून छातीत धडधडायचं. आता बॉनेटमध्ये छपरीची कौलं दिसतात, मोहाचं झाड दिसतं, माझं तोंड दिसतं. रेघ एकही दिसत नाही. आणि धडधडतं तसंच.