छप्पर उचलता आलं पाहिजे

"अहो, माझा टॉवेल कुठंय?"

बाथरूमच्या दाराआडून बायकोचा आवाज आला, तेव्हा चष्मेवाला त्याच टॉवेलावर पांढरा डिंक चोपडत होता. अर्धा टॉवेल टेबलावर, अर्धा कात्रीखाली. आता काय उत्तर देणार?

"वाळतोय," म्हणाला. तसं खोटं नव्हतंच म्हणा.

हा चष्मेवाला म्हणजे दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस. केसाएवढा फरक राहिला तरी काच पुन्हा घासणार. पण तेच हात घरी आले की त्यांना काय व्हायचं कोण जाणे. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांना एकच वेड. बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि लढाई लढायची. शत्रू ठरलेला, दातांचे डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असला की पेशंट बसतात त्या खोलीत घनघोर युद्ध. तीन वर्षं झाली. आणि तीन वर्षं रणांगण डॉक्टरांचंच, कारण कवळीचे साचे करायचं प्लास्टर त्यांच्याकडे पोत्यानं. त्याचे किल्ले, त्याचे बुरूज, त्याच्याच पायऱ्या. चष्मेवाला आपला डब्यात सैनिक घेऊन पाहुण्यासारखा जायचा आणि हरून यायचा.

शेवटी एकदा तावातावात बोलून बसला, "पुढचा रविवार माझ्या घरी. गाव माझं. पाच झोपड्या, गवताच्या छपराच्या."

"छप्पर निघणारं ना?" डॉक्टर म्हणाले. "सैनिक आत शिरला की छप्पर उचलून त्याला आत ठेवावं लागतं. नाहीतर मागच्यासारखं करून ठेवाल."

मागच्यासारखं म्हणजे काय, तर चष्मेवाल्यानं एकदा डॉक्टरांच्याच रणांगणात बुटाचा खोका उपडा घालून त्याला घर म्हटलं होतं. "तुमच्या गावात माणसं राहतात की नऊ नंबरचे बूट?" हा विनोद डॉक्टरांनी तोंडात यंत्र घातलेल्या पेशंटांनासुद्धा ऐकवला. बिचाऱ्यांना धड हसताही येईना. तेव्हा या रविवारी गाव उभं राहिलं नसतं, तर जन्मभर डॉक्टरांच्याच किल्ल्यात मरायची वेळ होती.

भिंती झकास झाल्या. चष्म्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, आइसक्रीमच्या काड्यांची दारं. प्रत्येक झोपडी पुठ्ठ्याच्या तळावर अशी चिकटवली की भूकंप झाला तरी हलू नये, आणि तळावर उकळून वाळवलेल्या चहाच्या पावडरीची माती. त्या तळाचा तर त्याला इतका अभिमान की येताजाता फुंकर मारायचा.

गाडं अडलं छपरापाशी.

सोमवारी झाडूच्या गवती काड्या चिकटवल्या. त्या चहूकडे उभ्या राहिल्या आणि झोपडीचं साळिंदर झालं. मंगळवारी दारातल्या पायपुसण्याचा काथ्या उपटला. झोपडी आठ दिवस दाढी न केलेल्या माणसासारखी दिसायला लागली. बुधवारी टॉवेल. डिंकात भिजवला, कंगव्यानं विंचरला, पंख्याखाली ठेवला. वाळून त्याचा पत्रा झाला आणि ऐन शेंड्यावर बायकोनं हौसेनं भरलेलं गुलाबी फूल.

"छान," बायको म्हणाली. "आता शत्रू घाबरेल."

गुरुवारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नव्या काचेवर डिंकाचा अंगठा उमटला. मालक म्हणाले, "लक्ष कुठाय?" लक्ष छपरात होतं, पण सांगायची चोरी.

हा सगळा तमाशा खिडकीजवळच्या खुर्चीतून एक जण रोज बघत होते. सासरे. गुडघे गेल्यापासून लेकीकडे राहायला आलेले. चष्मेवाला त्यांना मामा म्हणायचा. मामांनी चाळीस वर्षं लोकांची घरं गवतानं शाकारली. पेंढ्या खांद्यावर, शिडीवरून वर, छप्पर बांधलं की पुढचं घर. माणूस बोलायला कंजूष. जावयानं हौसेनं करून दिलेला चष्मा दोन वर्षं डबीत निजलेला. "मला दिसतंय तेवढं पुरे," म्हणायचे. सगळ्यांचे डोळे सुधारणाऱ्या जावयाला हे किती झोंबत असेल, बघा.

तर मामा रोज झोपडीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं."

चार दिवस नुसतं "हं". गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामा, एकदा काय ते बोला तरी!"

"पाणी आत येईल."

"अहो, टेबलावर कुठला पाऊस?"

"टेबलावर चहा सांडतो."

"मामा, हा खेळ आहे!"

"असेल. पण तुम्ही शेंड्याकडून खाली येताय, जावईबापू. छप्पर खालून चढवत नेतात. आधी वळचण, म्हणजे भिंतीबाहेर येते ती कड. मग वरची पेंढी खालचीवर अर्धी. म्हणून ती पसरत नाही. हे लहान पोरालाही कळतं."

चष्मेवाला काड्या तशाच टाकून तणतणत आत गेला. त्याला वाटलं, संपलं सगळं.

शुक्रवारी दुकानातून आला आणि दारातच थांबला. मामा टेबलाशी. मांडीवर झाडू, शेजारी बायकोचा शिवणाचा डबा, आणि नाकावर, हो, नाकावर तोच चष्मा! समोर एक झोपडी. छप्पर असं दाट, असं उतरतं, की आत कुणीतरी चूल पेटवली असेल असं वाटावं.

"मामा... चष्मा?"

"काड्या बारीक आहेत," मामा म्हणाले. "हात लावू नका, ओलं आहे."

तो कसला हात लावतोय! शनिवारी संध्याकाळपर्यंत पाचही झोपड्या उभ्या. बायकोनं नवे दोन झाडू आणून निमूट ठेवले, हेही नवलच. आणि या आनंदात चष्मेवाला एक गोष्ट मामांना सांगायची विसरला. तुम्हाला आलीच असेल लक्षात.

रविवारी दुपारी साडेतीनला त्यानं पहिल्या झोपडीचं छप्पर उचलायला हात घातला. निघेना. दुसरीचं निघेना. आपला चष्मा वर करून जवळून बघतो तर छप्पर भिंतीला सुईदोऱ्यानं शिवलेलं, टाक्याला टाका. पाचही घरांना.

"मामा, हे छप्पर निघत नाही!"

"निघायला काय डब्याचं झाकण आहे? माझं एक छप्पर वाऱ्यात गेलेलं नाही आजवर."

"पण सैनिक आत कसा जाणार?"

"दारातून."

"माझं बोट जात नाही हो त्या दारातून!"

मामा म्हणाले, "मग कापा दोरे. खेळ तुमचा आहे." चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी टक्कन मिटली.

त्या आवाजानं चष्मेवाल्याच्या हातातलं ब्लेड तिथंच थांबलं. घड्याळात पावणेचार, डॉक्टर यायचे चारला. दोरे कापले तर गाव उघडेल आणि डबी पुन्हा कधी उघडायची नाही. नाही कापले तर डॉक्टर आहेतच. रडावं की झोपडी भिंतीवर फेकून मारावी, कळेना.

"मेला तो खेळ!" म्हणाला, आणि ब्लेड घातलं ते भिंतीच्या खाली. स्वतःच्या त्या लाडक्या तळात. भूकंपाला न हलणारा डिंक ब्लेडला कसला बधतोय! चहाची माती उडाली, एक भिंत वाकली, अंगठा कापला. पण पाची घरं तळापासून सुटली. आता छप्पर नाही, अख्खं घरच उचलायचं.

डॉक्टर आले, उचलून बघितलं आणि खो खो हसले. "अहो, तुमच्या गावात घरं उडतात की काय?"

खिडकीतून आवाज आला, "छप्पर नाही उडालं, डॉक्टर. बघून बोला."

चष्मेवाल्यानं मान वळवली. मामांचा चष्मा नाकावर होता.

डॉक्टरांनी झोपडी डोळ्यांजवळ नेली. टाके मोजले. हसणं थांबलं. "आजोबा, हे तुम्ही केलंत? माझ्या किल्ल्यात अशा दोन करून द्याल का?"

"देतो की," मामा म्हणाले. "तुमचा किल्ला तर बिनछपराचाच आहे म्हणतात. झाडू जावई आणतील."

चष्मेवाल्यानं अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि फासे असे आपटले की पहिलाच सैनिक आडवा झाला. त्याचा स्वतःचाच.