एक पाय पायरीवर

शहर बसच्या कचेरीतल्या वेळापत्रकाच्या कारकुनाला सगळे 'दहामिनिटे' म्हणत. ते आडनाव नव्हतं, अकरा वर्षांची मागणी होती. लांब पल्ल्याची गाडी स्टेशनात यायची नऊ पंचावन्नला, आणि स्टेशनसमोरची बस सुटायची नऊ पन्नासला. पुढची तासाभराने. बस दहा मिनिटं उशिरा सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं.

दर मंगळवारी त्याच गाडीने त्यांची थोरली बहीण, अक्का, गुडघ्यांच्या उपचाराला यायची. दवाखान्याची वेळ साडेदहाची, म्हणून बिचारी चालत सुटायची. "डॉक्टर बरे करतो तेवढे तुझी बस झिजवते बघ," ती भावाला म्हणायची.

निर्णय होता संयुक्त समितीचा. निम्मे सभासद शहर बसचे, निम्मे रेल्वेचे; दोन्हीकडचे हजर नसले तर ठराव नाही. बैठक दहाला. रेल्वेवाले परगावाहून यायचे ते नऊ पंचावन्नच्याच गाडीने. सभासदांनी बसनेच यावं, असा समितीचाच नियम. बस गेलेली. ते पुढच्या बसने पोचेपर्यंत इकडची मंडळी 'विषय तहकूब' लिहून, चहा पिऊन उठलेली असायची.

दहामिनिटे दर वेळी नवं टिपण लिहीत. पुढे पुढे जुन्यावरच तारीख बदलू लागले. हात थकला होता.

निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी बैठकीच्या सूचनेत गुपचूप 'साडेअकरा' लिहिलं. सगळे हजर!

"वा! आज सगळे कसे जमले हो?" अध्यक्ष खूश झाले.

"वेळ बदलली, साहेब."

"मग हीच कायम करा. मिटला की प्रश्न!"

"आणि बस?"

"आता बसचं काय अडलंय?"

ठराव एकमताने झाला. दहामिनिट्यांनीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पेनाला टोपण लावलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, नऊ पन्नासला, ते बसच्या दारात उभे होते. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.

"काका, चढताय ना?" ड्रायव्हर म्हणाला.

"पास शोधतोय."

"आत बसून शोधा की."

"बसूनच अकरा वर्षं गेली रे बाबा."

"अहो, काय ते एकदा ठरवा!" मागून एक बाई करवादल्या.

"ठरवायला वेळ लागतो, ताई," ते अनुभवाने म्हणाले. त्यांनी पिशवी तपासली, छत्री उघडून पाहिली, चष्म्याचं घरसुद्धा झटकलं.

दहा वाजता अक्का लंगडत आली. "अगंबाई, बस आहे अजून?"

त्यांनी तिला हात देऊन वर घेतलं आणि शर्टाच्या खिशातून पास काढला. सकाळपासून तो तिथेच होता.

ड्रायव्हरने आरशातून अक्काच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पुढच्या मंगळवारी पण हरवणार का हो पास?"

"हरवेल बहुतेक."

"मग झाडाखाली उभी करतो," गाडी सुरू करत तो म्हणाला. "उन्हात कशाला शोधत बसता?"