हातानं फिरवलेलं इंजिन

रविवारी सकाळी बॉनेट उघडून मी पाना लावून गाडीचं इंजिन हातानं फिरवत होतो. व्हॉल्व्हची फट तपासायची तर ते असंच हळूहळू फिरवावं लागतं. मध्येच ते अडतं. दमानं घेतलं की आतून हुश्श करून पुढे सरकतं. लोखंडाचाही कल बघावा लागतो, असं काहीसं मनात घोळवत मी स्वतःवरच खूश होतो.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, “किती कान देऊन ऐकतोस रे!” टोमणा नव्हता, कौतुकच होतं. कप ठेवायला ती वाकली, तर तिचा गुडघा कटकन वाजला.

“हा कधीपासून वाजतोय?” मी विचारलं.

“दिवाळीपासून सांगतेय की तुला.”

मला वर बघायची लाज वाटली. मी पुन्हा इंजिनात डोकं घातलं, आणि मला नीट दिसावं म्हणून तिनं टॉर्च धरला.