मिश्रीचं बोट
शेजारी कुणी तव्यावर तंबाखू भाजली की मला माझी तान्ही लेक आठवते. नवरा कामाला होता ती गिरणी बंद झाली त्या साली माझं दूध आटत चाललं होतं आणि काळजीपायी मी दिवसभर दातांना मिश्री लावायचे. मल्हारगंजातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीला तोललं. वजन पुन्हा उतरलं होतं. माझं काळं बोट धरून त्या म्हणाल्या, “मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्या हुकमावर दूध येतं. तंबाखू नसांमधून तिला ‘दूध नको’ असा खोटा निरोप पाठवते.” सासूबाई म्हणाल्या, “मी तर मिश्री लावूनच चार पोरं पाजली, मॅडमजी.” “हिला नाही चालणार. आजपासून बंद,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. चार दिवस डोकं ठणकत होतं, हात डबीकडे जायचा. पाचव्या दिवशी सासूबाईंनी आपलीही डबी नालीत टाकली. आठवड्याने दुधाने पदर ओला झाला. आता ती लेक आपलं तान्हं बाळ घेऊन माहेरी आली आहे. शेजारून तो वास आला की मी आधी तिच्या खोलीची खिडकी लावते.