दुरुस्तीला गेले आणि घटना लिहून आले

कचेरीत धूळ कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, तरी ती साठतेच. किश्शांचंही तसंच असतं. अमेरिकेत बोस्टनजवळच्या श्रूजबरीला मुलाकडे राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही, मग किस्से कुठून मिळणार? पण जिथे सरकार असतं तिथे किस्से असतात, हे मी उभ्या नोकरीत शिकलो होतो. तेवढं एक शिक्षण अमेरिकेतही चाललं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. गावच्या लायब्ररीत नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरायचा. शिकवायला जोनबाई. शाळेतून रिटायर झालेल्या, आणि एक पैसा न घेता शिकवायच्या. आमचा संशय इथूनच सुरू झाला! विद्यार्थी आम्ही तिघं. मी, बांधकाम खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. पुण्याचे बापट, बँकेतून निवृत्त. आणि नागपूरच्या ढोमणे काकू. वयानं त्या आमच्याच बरोबरीच्या, पण सगळं श्रूजबरी त्यांना काकू म्हणायचं, म्हणून आम्हीही.

बापट आणि मी नापास झालो असतो तरी कुणाचं काही अडलं नसतं. काकूंचं अडणार होतं. नागपुरात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. काकूंना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, महिना-दोन महिने नव्हे, लागेल तितकं. पण ग्रीन कार्डवाला देशाबाहेर फार राहिला की कार्ड जातं, आणि कार्ड गेलं की मुलगा, सून, नातवंडं इकडेच राहणार. मागच्या खेपेला विमानतळावरच्या ऑफिसरनं काकूंना तसं बजावलंही होतं. सिटिझन झालं की ही भीती नाही. थोडक्यात, नागपूरला जाऊन राहता यावं म्हणून काकू अमेरिकन होत होत्या!

*

पहिल्याच दिवशी जोनबाईंनी सांगितलं की आत्ताची घटना ही या देशाची पहिली व्यवस्था नव्हे. इंग्रजांशी भांडताना तेरा राज्यांनी मिळून एक कच्चं सरकार केलं होतं. वर एक काँग्रेस, म्हणजे संसद होती, पण तिला कर बसवता येत नसे. राज्यांकडे फक्त मागता यायचं.

बापटांना पटेना. "आणि राज्यांनी दिलं नाही तर?"

"देन दे आस्क्ड अगेन."

बापट माझ्याकडे वळून म्हणाले, "बुडीत खातं!"

काकूंना मात्र सगळं लख्ख समजलं. म्हणाल्या, "आमच्या सासरी पाच भाऊ, पाच चुली, आणि मधात एक सामाईक विहीर. पाणी सारेच भरत. गाळ काढायचं नाव काढलं की पाचही जणांची कंबर दुखायची."

मी जमेल तसं इंग्रजी करून सांगितलं. जोनबाईंनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "मग शेवटी गाळ निघाला का?"

"निघाला नं. शेजाऱ्याची बकरी आत पडली, तेव्हा निघाला!"

जोनबाईंनी टाळीच वाजवली. म्हणाल्या, "आमची बकरी इथेच, शेजारच्या वूस्टरला पडली!" शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन तिथल्या कोर्टाची वाट अडवली होती आणि ते मोडून काढायला काँग्रेसकडे धड सैन्यही नव्हतं. मग मोठमोठ्या लोकांची झोप उडाली.

*

झोप उडालेले लोक फिलाडेल्फियाला जमले. कशासाठी? जुने नियम दुरुस्त करण्यासाठी. जोनबाई हे अगदी सहज बोलून गेल्या. मी मात्र खुर्चीत ताठ झालो.

"मॅडम, मंजुरी कशाची होती?"

"टू रिव्हाइज."

"आणि केलं काय?"

"वेल... दे रोट अ न्यू वन."

मी त्यांना सांगितलं, आमच्या खात्यात एका इंजिनियरनं विश्रामगृहाच्या गळक्या छपराची दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि त्या पैशांत शेजारी नवी इमारत उभी केली. त्याची चौकशी लागली. इथे त्याच कामाबद्दल लोकांचे पुतळे लागले!

जोनबाई जरा दुखावल्या. म्हणाल्या, "पण आमची इमारत अजून उभी आहे ना?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या इंजिनियरचंही हेच म्हणणं होतं."

*

पुढच्या वर्गात कळलं की ही मंडळी अख्खा उन्हाळा दारावर पहारा ठेवून आणि खिडक्या लावून आत बसली होती. बाहेर चकार शब्द बोलायची बंदी.

"एवढ्या गर्मीत?" काकूंनी वही मिटली. "काय करून राहिले होते जी ते आत?"

मोकळेपणानं बोलता यावं म्हणून खिडक्या लावल्या होत्या, असं जोनबाई म्हणाल्या.

बापट म्हणाले, "आमच्या हेड ऑफिसातही दार लावून मोकळेपणानं बोलायचे. दुसऱ्या दिवशी बदल्यांची ऑर्डर निघायची."

काकूंनी निकाल देऊन टाकला. "नागपूरचा माणूस उन्हाळ्यात खिडकी लावतो तो झोपायला. हे झोपले नाहीत नं? मग नक्की काहीतरी शिजत होतं!"

*

जुन्या नियमांत बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागायची. या मंडळींनी नव्या घटनेत स्वतःच लिहून टाकलं की नऊ पुरे!

बापट म्हणाले, "पेपर काढणाऱ्यानंच पासिंगचे मार्क कमी केले!"

एका चिमुकल्या राज्यानं मात्र फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नव्हता. ऱ्होड आयलंडनं. ते इथून गाडीनं तासाभरावर आहे हे कळल्यावर काकूंनी मुलाच्या, निलेशच्या, मागे लकडा लावला. रविवारी त्यानं त्यांना ड्राइव्ह करून नेलं. तिथे आइस्क्रीमच्या दुकानातल्या बाईचा हात हातात घेऊन काकू म्हणाल्या, "व्हेरी गुड! यू डिड नॉट गो!"

बाई गांगरली. "गो व्हेअर, मॅम?"

"फिलाडेल्फिया."

"ओह! माय सिस्टर वेन्ट. शी सेज द पार्किंग इज टेरिबल."

*

काकूंची पहिली मुलाखत बोस्टनला झाली. अर्जातलेच प्रश्न ऑफिसर आधी तोंडी विचारतो. त्यात एक असा होता की तुम्ही कधी अट्टल दारुड्या होता का?

काकूंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हू टोल्ड यू?"

तो म्हणाला, हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो. तेव्हा तर काकू फारच बिघडल्या. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस सरळ कसा असेल? पुढे त्यानं इतिहासाचा जो जो प्रश्न विचारला त्याला काकूंचं एकच उत्तर: "यू टेल फर्स्ट."

नापास! आता त्या अर्जावर एकच संधी उरली. त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला की बहिणीचं जेवण तुटलंय, फक्त पेज जाते. निलेश हात जोडून म्हणाला, "आई, प्लीज यार, तू फक्त उत्तर दे!"

आईला यार म्हटलेलं काकूंनी एरवी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी ऐकून घेतलं. वर्गात येऊन एकही शंका न काढता सगळी उत्तरं घोकत बसल्या. जोनबाई मला हळूच म्हणाल्या, "इज शी ऑल राइट?"

*

दुसऱ्या मुलाखतीला काकूंनी पटापट उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न आला: घटना बदलता येते का?

"येस," काकू म्हणाल्या.

ऑफिसरनं बरोबरची खूण केली. काकूंनी तिथेच थांबायला हवं होतं. पण इतके दिवस दाबून ठेवलेलं कुठेतरी बाहेर पडणारच.

"बट समबडी मस्ट वॉच देम!"

ऑफिसरनं पेन खाली ठेवलं. बाहेर बसलेला निलेश म्हणतो की आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, संपलं सगळं. पण काकू पास होऊन बाहेर आल्या. ऑफिसरनं दार उघडून धरलं होतं.

*

शपथ झाली. निलेश तिकीट कॅन्सल न होणारं घ्यावं की होणारं, या विचारात कॉम्प्युटरसमोर बसला, आणि तसाच बसून राहिला. अमेरिकन माणसाला भारतात जायला व्हिसा लागतो! फिलाडेल्फियात खिडक्या का लावल्या याचा इतके दिवस तपास करणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

घाईघाईनं नवा पासपोर्ट काढला आणि निलेश काकूंना घेऊन न्यूयॉर्कला भारतीय वकिलातीत गेला. व्हिसाच्या खिडकीवर नेमका एक मराठी तरुण होता. त्यानं अर्ज पाहिला, काकूंच्या नऊवारीकडे पाहिलं, आणि गमतीनं विचारलं, "मावशी, इथे टुरिस्ट लिहिलंय. मग काय काय बघणार भारतात?"

काकू म्हणाल्या, "एकच. नागपुरात माझी ताई आहे, ती. शिक्का तेवढा लवकर मारा जी, फार जुनी आहे."